ग्रामसभेत हात वर करूनही आपलं काम विकास आराखड्यात का येत नाही?

तुम्ही विचारलंय, की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेत भराभर वाचून मंजूर होतो, दोन वर्षं तुम्ही उभं राहून गल्लीतल्या गटाराचा विषय मांडता, तरी यादीत ते काम दिसत नाही. मग सामान्य माणसाने करायचं काय?

मी पाच वर्षं आमच्या वॉर्डाचा ग्रामपंचायत सदस्य होतो. त्या अनुभवावरून सांगतो, मंजुरीच्या ग्रामसभेत बोलायला उभं राहता तेव्हा उशीर झालेला असतो. तोवर कामांची यादी तयार असते, प्रत्येक कामापुढे अंदाजित रक्कम लिहिलेली असते, निधीची बेरीज जुळवलेली असते. तुमचं गटार त्यात घालायचं तर दुसऱ्या कुणाचं काम काढावं लागतं, आणि भरसभेत ते कुणी काढत नाही. 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात आणि विषय संपतो.

खरं काम होतं त्याआधीच्या आठवड्यांत. 'सबकी योजना सबका विकास' ही मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याची तयारी तेव्हा चालते. वॉर्डसभा, महिला सभा, शिवारफेरी हे टप्पे कागदावर सगळीकडे असतात. ते खरोखर होतात का, यावर सगळं अवलंबून आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. माझ्या पहिल्या वर्षी आमच्याकडे मात्र रजिस्टर घरोघर फिरलं, सह्या झाल्या आणि सभा झाली असं लिहिलं गेलं. मीही तेव्हा गप्प बसलो, ही माझी चूक. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघा-तिघा सदस्यांनी आग्रह धरून सभा संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेआधी, शाळेच्या पडवीत घेतली. वीसेक बायका आल्या. आम्हाला वाटलं होतं रस्ता मागतील, कारण पुरुषांच्या वॉर्डसभेत पेव्हर ब्लॉकशिवाय दुसरं काही निघालं नव्हतं. एक काकू म्हणाल्या, "रस्ता राहू द्या भाऊ, वरच्या आळीला पाणी चढत नाही, आम्ही पहाटे खालून हंडे आणतो." पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, एका ठिकाणी वॉल्व्ह बसवला आणि दोन आळ्यांना वेगवेगळ्या वेळी पाणी सोडलं तर प्रश्न मिटतो. हे त्याला कधीपासून माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. इतकं लहान काम आराखड्यात कुणाला सुचतच नाही.

आता पैशाचं गणित. यात लोक सगळ्यात जास्त फसतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखून ठेवला होता: ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणजे रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक मागणारे सगळे त्या ४० टक्क्यांवर तुटून पडायचे, आणि पाणी-स्वच्छतेच्या पैशासाठी नीट विचार केलेली कामंच नसायची. आमचा वॉल्व्ह पाण्याच्या भागात सहज बसला. तुमचं गटारही 'रस्त्याच्या कडेचं गटार' म्हणून मागू नका, सांडपाण्याची व्यवस्था म्हणून मागा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) आधी भेटून ते यंदा कोणत्या हेडखाली (खर्चाच्या शीर्षाखाली) बसेल हे विचारून घ्या. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. तो किती झाला, हेही विचारत चला.

ग्रामसभेत एक प्रश्न मात्र जरूर विचारा, आणि नवीन यादी वाचायच्या आधी विचारा: गेल्या वर्षीच्या आराखड्यातली किती कामं पूर्ण झाली, किती सुरूच झाली नाहीत, आणि का? हा आढावा झाल्याशिवाय नवा आराखडा म्हणजे जुन्याच कामांवर नवं वर्ष टाकणं. हिवरे बाजारला गावातला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. आधी हातात काय आहे ते बघायचं आणि मग ठरवायचं, ही सवय मला सगळ्या योजनांपेक्षा मोलाची वाटते.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गावाचा वर्षभराचा पैसा अशा वेळी पंधरा-वीस माणसं ठरवतात. म्हणून गल्लीतल्या दहा जणांना सोबत घेऊन जा. तोंडी बोलणं हवेत विरतं. सभेच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) तुमचा विषय सूचक-अनुमोदकाच्या नावांसह लिहिला गेला का ते तिथेच वाचून बघा. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो, तो कुणालाही बघता येतो. काम तिथे नसेल तर वित्त आयोगाच्या निधीतून त्याचं बिल निघत नाही. वर्षाच्या मध्ये भर घालायची झाली तर पुन्हा ग्रामसभेचा ठराव घेऊन पुरवणी आराखडा करावा लागतो.

आमचा वॉल्व्ह पहिल्या वर्षी आराखड्यात आला तरी बसला नाही, कारण अंदाजपत्रक वेळेत झालं नव्हतं. म्हणून तुम्ही तयारीनिशी जा. गटाराची लांबी टेपने मोजा, किती घरांचं सांडपाणी त्यात येतं ते लिहा, पावसाळ्यातले फोटो लावा, मधली जागा कुणाच्या खाजगी मालकीची असेल तर त्याचं संमतीपत्र जोडा. आणि सगळ्यात आधी ते पाणी शेवटी कुठे सोडायचं, ते खालच्या घरांशी बसून ठरवा. शोषखड्ड्याला जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर काम मंजूर होऊनही खालची मंडळी ते अडवतील, आणि त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही.