मनासारख्या रंगाचा फ्लिप फोन: आत्ता हप्त्यांवर, की थोडं थांबून?

प्रश्न: मी नोकरी करते आणि फावल्या वेळात छोटे व्हिडिओ बनवते. त्यातून कधीमधी थोडे पैसे मिळतात. घडी होणारा फ्लिप फोन घ्यायचं मनात आहे. पुढचं पॅनल, मागचं पॅनल आणि कडेची फ्रेम आपल्या पसंतीच्या रंगात बनवून मिळते, तो प्रकार. किंमत माझ्या हातात येणाऱ्या पगाराच्या दीडपटीहून थोडी जास्त आहे. अठरा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते मिळतात. सध्याचा फोन तीन वर्षांचा आहे, नीट चालतो, पण बॅटरी दुपारीच मान टाकते. आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चाएवढा आहे. फोन मिटून ठेवता आला तर माझा स्क्रीनवरचा वेळही कमी होईल असं वाटतं. घेऊ का? आणि जुना फोन बदल्यात देऊन टाकू का?

उत्तर: आधी निकाल सांगते, कारणं मागून. फ्लिप फोन घ्यायला माझी हरकत नाही. पण वर्षभराने घ्या, तयार रंगातला घ्या आणि रोखीने घ्या.

तुम्ही पत्रात कळवलेल्या रकमा, सवलती आणि इतर बारीक तपशील इथे छापत नाही. फोनची किंमत १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही आपले आकडे घालून बघता येतील. या मापात तुमचा पगार ६०, महिन्याचा खर्च ४८, शिल्लक १२ आणि आपत्कालीन निधी १००. म्हणजे अडीअडचणीसाठी तुम्ही जेवढं साठवलं आहे, बरोबर तेवढ्याच किमतीची वस्तू खिशात घेऊन फिरायचा विचार चालू आहे. हे वाईट आहे असं नाही, पण आकडे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसत नाही.

आता तुमच्या बाजूने बोलते. फोन १००, दोन वर्षांची संरक्षण योजना १०, एकूण ११०. तीन वर्षं वापरून २५ ला विकला असं धरू. घडीचे फोन जुन्या बाजारात साध्या फोनपेक्षा लवकर उतरतात, म्हणून मी मुद्दामच हात आखडता ठेवला आहे. उरले ८५, म्हणजे महिन्याला साधारण २.४. तुमचं काम भागवणारा साधा सपाट फोन ५० ला घेऊन १५ ला विकला तर महिन्याला सुमारे १. फरक १.४ चा. महिन्याला १२ शिल्लक टाकणाऱ्या माणसाने आवडीच्या गोष्टीवर १.४ जास्त घालवले तर त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. फोन हातात दिवसभर असतो, त्याचा आनंद घेतला तर बिघडत नाही.

बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. सपाट फोनचा खर्च विकत घेताना संपतो, घडीच्या फोनचा संपत नाही. आतली स्क्रीन अतिशय पातळ काचेची असते, तिच्यावर कारखान्यातच बसवलेली एक संरक्षक फिल्म असते, आणि ती फिल्म आपण काढायची नसते. काही काळाने घडीच्या रेषेवर ती उचलली जाते किंवा तिथे बुडबुडा येतो. मग सेवा केंद्रात जाऊन बदलून घ्यावी लागते. हा किरकोळ खर्च झाला. आतली स्क्रीनच गेली तर मात्र तो मोठाच असतो. मी तो ३५ धरला आहे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सेवा केंद्रात विचारून घ्या, आणि विकत घेण्यापूर्वी घ्या. फोन निवडताना लोक कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाठ करतात, पण हा एक आकडा विचारत नाहीत.

बिजागराची भीती मात्र फार बाळगू नका. २०२० मध्ये सॅमसंगचा पहिला झेड फ्लिप आला तेव्हा कंपनीने दोन लाख वेळा उघडझाप सहन होण्याचा दावा केला होता. दिवसाला शंभर वेळा उघडला तरी ही दोन हजार दिवसांची, म्हणजे साधारण साडेपाच वर्षांची बेगमी झाली. ही चाचणी यंत्रावर होते हे खरं, पण मोजणी संपून फोन गेला असं क्वचितच होतं. तो जातो पडून, मिटताना मध्ये काहीतरी अडकून, नाहीतर बारीक धुळीने. धुळीचं कलम नीट वाचा. २०२१ च्या झेड फ्लिप ३ ला आयपीएक्स८ मानांकन होतं. धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते हे मानांकन सांगतं, आणि ८ हा आकडा पाण्याचा. त्यातल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीबद्दल काहीच हमी नाही. २०२४ च्या झेड फ्लिप ६ ला आयपी४८ मिळालं. यातला ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत. वाळूचा बारीक कण त्याहून लहान असतो. त्यामुळे पाण्यात पडलेला फोन वाचेल आणि वाळूत ठेवलेला बिघडेल, असा उलटा प्रकार होऊ शकतो.

संरक्षण योजना मी हिशेबात धरली ती याचसाठी. सपाट फोनला मी ती सहसा घ्यायला सांगत नाही, घडीच्या फोनला सांगते. पण तुमची योजना दोन वर्षांची आहे आणि हिशेब तीन वर्षांचा. तिसऱ्या वर्षी फिल्म थकलेली, बिजागर जरा सैल आणि डोक्यावर छत्र नाही. त्या वर्षी स्क्रीन गेली तर ३५, म्हणजे तुमची जवळजवळ तीन महिन्यांची सगळी बचत. योजनेतही प्रत्येक दाव्यामागे काही रक्कम आपण भरायची असते का, किती दावे चालतात, चोरी धरली आहे का, हे पाहून घ्या.

हप्त्यांकडे वळते. महिन्याला साधारण ५.६ चा हप्ता, म्हणजे १२ पैकी जवळजवळ निम्मी शिल्लक दीड वर्ष बांधली गेली. तुम्ही ‘बिनव्याजी’ लिहिलं आहे, पण मूळ पत्रात पुढच्याच ओळीत रोख घेतल्यास ६ ची सूट आहे आणि हप्त्यांना १ प्रक्रिया शुल्क आहे असंही लिहिलं आहे. मग व्याज तिथेच बसलेलं आहे. रोखीत ९४ ला मिळणारी वस्तू हप्त्याने १०० ला, अठरा महिन्यांत. हा दर वर्षाला साधारण आठ टक्के पडतो. शुल्क मिळवलं तर साडेनऊच्या जवळ. दर भयंकर नाही, पण शून्य तर नाहीच.

त्याहून मला टोचते ती दुसरी गोष्ट. नोकरी गेली तर तुमचा निधी आज दोन महिने पुरतो: ४८ दुणे ९६. हप्ता डोक्यावर असेल तर त्याच दोन महिन्यांना १०७ लागतील, आणि निधी आहे १००. दोन महिन्यांचा निधी मुळातच तोकडा, त्यात हप्ता आला की तेवढाही राहत नाही.

रंगाविषयी आता जरा सविस्तर, कारण तुमचा जीव तिथेच अडकला आहे हे पत्रावरून दिसतं.

फोन आपल्या मनासारखा सजवायची हौस नवी नाही. १९९८ च्या नोकिया ५११० चं पुढचं कव्हर घरी काढून दुसऱ्या रंगाचं बसवता यायचं. २०१३ मध्ये मोटोरोलाने मोटो एक्ससाठी मोटो मेकर काढलं. गिऱ्हाईक वेबसाइटवर रंग निवडणार आणि टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यात फोन जुळवला जाणार. तो कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. फ्लिपच्या बाबतीत सॅमसंगने झेड फ्लिप ३ च्या बिस्पोक, म्हणजे मागणीप्रमाणे रंगवून मिळणाऱ्या, आवृत्तीत ४९ रंगजोड्या दिल्या, पुढच्या वर्षी फ्लिप ४ ला ७५. या तिन्हींत मला पैशाच्या नजरेने नोकियाची पद्धत सर्वांत शहाणी वाटते. रंग फोनपासून सुटा होता. कंटाळा आला तर कव्हर बदलायचं, फोन विकताना मूळ कव्हर लावून विकायचा.

तुमच्या फोनमध्ये रंग फोनलाच जोडलेला आहे. त्यासाठी तयार रंगाच्या मॉडेलपेक्षा ८ जास्त द्यायचे आहेत, आणि विकताना या ८ चे बहुधा काहीच येणार नाहीत. पिवळं पुढे, गुलाबी मागे ही जोडी तुमच्या आवडीची आहे, पुढच्या गिऱ्हाइकाच्या असेलच असं नाही. शिवाय मागणीप्रमाणे बनवलेल्या वस्तूला परतीचे नियम अनेक ठिकाणी वेगळे असतात. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करायचा हक्क आहे, पण ग्राहकाच्या सांगण्यावरून खास बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. घडीचा फोन तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच घेताय. घडीची रेषा बोटाला खटकते का, एका हाताने उघडता येतो का, हे वापरल्याशिवाय कळत नाही. अशा वस्तूवर परतीचा दरवाजा आपणच बंद करून घ्यायला मी सांगणार नाही.

आणि मनासारखं करण्याजोगं जे बाकी आहे ते तयार रंगाच्या मॉडेलमध्येही तितकंच मिळतं. बाहेरच्या स्क्रीनवरचं घड्याळ, चित्र, विजेट, हलती चित्रं, सगळं फुकटात बदलता येतं. झेड फ्लिप ५ पासून फ्लिपसूट नावाची केस मिळते. तिच्यातलं कार्ड बदललं की बाहेरच्या स्क्रीनचं चित्रही त्याला जुळणारं होतं. मोटोरोलाच्या रेझर या फ्लिप फोनमध्ये तर बहुतेक अ‍ॅप बाहेरच्या स्क्रीनवर थेट चालतात. सॅमसंगमध्ये त्यासाठी गुड लॉक हे त्यांचंच अ‍ॅप घालून थोडी खटपट करावी लागते. माझ्या मते फ्लिप फोनची खरी हौस या बाहेरच्या स्क्रीनवर भागते. पाठीच्या रंगावर तर आठवड्याभरात केस चढते.

व्हिडिओसाठी फोन उपयोगी पडेल का? पडेल, पण तुम्ही लिहिलंय त्या कारणाने, म्हणजे कॅमेरा चांगला म्हणून, नाही. या वर्गाच्या फोनमध्ये दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स सहसा नसते, तेव्हा त्याच किमतीचा सपाट फोन कॅमेऱ्यात बहुधा सरसच असेल. फ्लिपची जमेची बाजू अशी की अर्धवट उघडून तो टेबलावर आपला आपण उभा राहतो आणि बाहेरच्या स्क्रीनवर स्वतःला बघत मागच्या चांगल्या कॅमेऱ्याने चित्रण करता येतं. एकट्याने काम करणाऱ्याला हे खरोखर सोयीचं आहे. मात्र ‘फोन स्वतःचे पैसे काढेल’ हे गृहीत मी हिशेबात घेतलेलं नाही. व्हिडिओंचे पैसे येतील ते फोनच्या निधीत टाका. वर्षभरात तिथे काय जमतं त्यावरून व्यवसाय किती आणि हौस किती ते आपोआप समजेल.

स्क्रीनवरचा वेळ कमी होण्याचं म्हणाल तर पहिल्या झेड फ्लिपची बाहेरची स्क्रीन जेमतेम १.१ इंचाची होती. वेळ आणि सूचना दिसायच्या, बास. तेव्हा हा युक्तिवाद चालला असता. २०२५ च्या फ्लिप ७ ची ४.१ इंच आहे. मिटलेल्या फोनवरही आता सगळं वाचता येतं, उत्तरंही देता येतात. सवय मोडायचं काम बिजागरावर सोपवू नका.

मग करायचं काय? आधी सध्याच्या फोनची बॅटरी बदला. तुम्ही विचारलेला खर्च आपल्या मापात ४ च्या आत आहे, आणि तेवढ्यात हा फोन आणखी वर्षभर आरामात चालेल. मग दरमहा १२ चे दोन भाग करा: ६ आपत्कालीन निधीत, ६ फोनसाठी वेगळ्या खात्यात. वर्षाने निधी १७२ होईल, म्हणजे साडेतीन महिन्यांचा खर्च, आणि फोनच्या खात्यात ७२ असतील. व्हिडिओंचे येतील ते वर. सॅमसंगचे फ्लिप २०२१ पासून दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतात, आणि नवा आला की मागच्याची किंमत उतरते. तेव्हा मागच्या वर्षीचं मॉडेल, तयार रंगात, या ७२ मध्ये किंवा थोडी भर घालून बसावं. संरक्षण योजनेचे १० वेगळे धरा.

मागचं मॉडेल घेताना दोन गोष्टी बघा. पहिली बॅटरी. झेड फ्लिप ३ मध्ये ३३०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) होती, फ्लिप ४ आणि ५ मध्ये ३७००, फ्लिप ६ मध्ये ४०००, फ्लिप ७ मध्ये ४३००. सपाट फोनमध्ये ५००० आता सर्रास असते. तुमची तक्रारच दुपारी बॅटरी संपण्याची आहे, त्यामुळे फार मागे जाऊ नका. दुसरी गोष्ट, सॉफ्टवेअर अपडेट. फ्लिप ६ पासून सात वर्षांचं आश्वासन आहे, फ्लिप ५ ला सुरक्षेची अपडेट पाच वर्षं. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. वर्ष-दीड वर्ष जुनं मॉडेल घेतलंत तर तेवढी वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात.

जुना फोन बदल्यात देऊ नका. तीन-चार वर्षांच्या फोनचे फारसे येत नाहीत, आणि घडीचा फोन दुरुस्तीला गेला तर तो कोपऱ्यावरच्या कारागिराकडे होण्यातला नसतो, अधिकृत केंद्रात काही दिवस राहू शकतो. त्या दिवसांत नवी बॅटरी घातलेला हाच फोन हाताशी असू द्या.