पऱ्हाट्यांचे पेलेट युरोपला पाठवता येतील का?

प्रश्न विचारणारे यवतमाळकडचे आहेत. शिवारात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळून टाकावं लागतं, युरोपात पेलेटला, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांना, सोन्याचा भाव आहे असा एक व्हिडिओ पाहिला, तर गावात मशीन बसवून माल न्हावा शेवा बंदरातून पाठवावा का, असं ते विचारतायत.

मी नेरूळला राहतो आणि न्हावा शेव्याला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. (कायद्यात नाव ‘कस्टम ब्रोकर’ झालं, तरी आम्हाला सगळे अजून सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, म्हणतात.) माझं मत आधीच सांगतो: मशीन बसवा, पण युरोप डोक्यातून काढा.

व्हिडिओवाल्यानं सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला ड्रॅक्स नावाचं वीजकेंद्र आहे. पूर्वी ते फक्त कोळशावर चालायचं, नंतर त्याच्या 6 पैकी 4 युनिट लाकडी पेलेटवर आणली. तिकडे माल जातो तो बहुतेक अमेरिकेच्या आग्नेय भागातून आणि कॅनडातून. तोही कंटेनरनं नव्हे, एकेका जहाजात पन्नास-साठ हजार टन सुटा भरून. तुमच्या हातात काय? वीस फुटी कंटेनर. त्याचं पोट साधारण 33 घनमीटर. पेलेट घनमीटरला 650 किलो धरलं तर 21 टन बसतात. त्यात यवतमाळ ते बंदर ट्रकभाडं, फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी), सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर यार्डाचे) पैसे, समुद्राचं फ्रेट. पेलेटमध्ये उष्णता किलोला सुमारे 4000 किलोकॅलरी, डिझेलच्या निम्म्याहून कमी. इतकं हलकं इंधन इतक्या लांब नेणं परवडतं ते जहाजच्या जहाज भरणाऱ्याला. आणि त्यांनाही ते सोपं गेलंय असं समजू नका. एनव्हिवा या अमेरिकेतल्या बलाढ्य पेलेट कंपनीनं मार्च 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसरी गोष्ट राखेची, आणि खरी गाडी तिथेच अडते. युरोपात घरगुती शेगडीसाठी ईएनप्लस ए1 नावाचा दर्जा मागतात. त्यात राख 0.7 टक्क्याच्या आत आणि ओलावा 10 टक्क्यांच्या आत लागतो. हे साल काढलेल्या लाकडाला जमतं. कुटाराची राख याच्या कितीतरी पट, भाताच्या तुसाची तर 15-20 टक्के. शिवाय शेतातल्या काडीकचऱ्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त. राख वितळते, बॉयलरच्या नळ्यांवर क्लिंकर (राखेचा कडक थर) धरतो, नळ्या गंजतात.

तरी पाठवायचंच म्हणालात, तर सुरुवात एचएस कोडपासून (कस्टममध्ये मालाचा प्रकार ठरवणारा आकडा) करा. लाकडाच्या निर्यातीबाबत आपलं धोरण कडक आहे. साध्या बांबूच्या कोळशावरची बंदी उठायला मे 2022 उजाडलं. पऱ्हाटी लाकूड धरायची की शेतातला अवशेष, यावर शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) अडू शकतं. हे मशीन घेण्याआधी विचारायचं असतं, कंटेनर गेटवर उभा असताना नाही.

आता माझ्या अंगावर आलेली गोष्ट. एका ग्राहकानं भुईमुगाच्या टरफलांच्या पेलेटचा नमुन्यादाखल एक कंटेनर पाठवायचं ठरवलं. महिना जुलै. एक कागद कमी पडला म्हणून कंटेनर यार्डात अकरा दिवस उभा राहिला. उघडला तर मागच्या रांगेतल्या गोण्या फुगलेल्या, आत पेलेटचा पुन्हा भुसा झालेला. छताला सुईएवढं भोक होतं. स्टफिंगच्या (माल भरण्याच्या) आधी आत उभं राहून दार बंद करायचं आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं, हे आमच्याकडे पोऱ्यालाही माहीत असतं. त्या दिवशी कुणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ग्राहकानं मला पुढे काम दिलं नाही, बरोबरच केलं.

(जहाजात सुटा माल भरणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. लाकडी पेलेट बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडतात आणि हवेतला ऑक्सिजन कमी करतात. 2006 मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेटच्या जहाजावरचा एक खलाशी यातच गेला. गावातलं गोदामही कोंदट ठेवू नका.)

इथेनॉल आणि बायोडिझेलचंही विचारलंय, तर थोडक्यात: तो माल मोकळेपणानं बाहेर जात नाही. 2018 पासून जैवइंधनाच्या निर्यातीवर निर्बंध आहेत, जून 2022 च्या दुरुस्तीनं ठरावीक प्रकरणांपुरती वाट ठेवली. इथेनॉल जिच्यापासून बनतं त्या मळीवर तर जानेवारी 2024 मध्ये 50 टक्के निर्यात शुल्क बसवलं होतं, म्हणजे ती इथेच राहावी असा सरळ हेतू होता. लांबच्या प्रवासाला खरं टिकतं ते तळून उरलेलं तेल. युरोपच्या हिशेबात त्यापासूनच्या इंधनाची ऊर्जा दुप्पट मोजतात. पण तिथे तेलापेक्षा ते कुठून आलं याच्या दाखल्यालाच किंमत, आणि ताजं पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवल्याचे संशयही त्यातूनच निघाले.

मग पेलेट विकायचे कुठे? माझ्या घरापासून तासाभरावर तळोजा एमआयडीसी आहे. तिथल्या बॉयलरवाल्यांना विचारा, ‘व्हाइट कोल’ म्हटलं की लगेच समजेल; भुशाच्या, टरफलांच्या कांड्यांना तेच नाव आहे. पण तुम्हाला तळोजाही लांबच. विदर्भात औष्णिक केंद्रं तुमच्या दाराशी आहेत, आणि ऑक्टोबर 2021 च्या केंद्राच्या धोरणानं कोळशात काही टक्के पेलेट मिसळणं त्यांच्यावर बंधनकारक केलंय. त्यांची निविदा नीट वाचा. ओलावा, उष्मांक, कांडीचा व्यास, सगळं त्यात असतं.

मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी दहा किलो कुटार आणि दहा किलो पऱ्हाटी वेगवेगळी कुटून एनएबीएल मान्यतेच्या लॅबला द्या. राख, ओलावा, उष्मांक आणि क्लोरीन, चारही आकडे मागा. ते इथे टाकलेत तर कोड कोणता लागू शकतो ते बघून सांगतो.