टॅरिफ, तारीफ आणि मेक्सिकोची भिंत

प्रश्न असा आहे: "ट्रम्प सीमेवर भिंत बांधणार आणि तिचा खर्च मेक्सिकोवर टॅरिफ लावून वसूल करणार, असं मराठी बातम्यांत कितीदा तरी ऐकलं. या टॅरिफला मराठीत जकात म्हणायचं, आयातशुल्क म्हणायचं की सरळ खंडणी? आणि हा शब्द स्पेनमधल्या तरीफा गावावरून आला हे खरं का?"

आधी शेवटचं घेतो, कारण डोकं तिथेच फिरतं. तरीफा गावावरून आलेला नाही. नाही म्हणजे नाही.

ती गोष्ट सगळीकडे फिरते. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी तरीफा नावाचं गाव, तिथले चाचे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून पैसे उकळायचे, म्हणून त्या पैशाला टॅरिफ. गोष्ट छान आहे, आणि इतकी छान आहे म्हणूनच संशय यायला हवा होता. त्या गावाला नाव पडलं ते तरीफ इब्न मालिक या सरदारावरून, ७१० साली तो तिथे उतरला म्हणून. त्याच्या नावातला त म्हणजे अरबीतला जड त, उर्दूवाले त्याला तोय म्हणतात. आपल्या टॅरिफच्या मुळाशी आहे तअरीफ, त्यातला त हलका, आणि त्याला लागून घशातून काढायचं ऐन हे अक्षर. म्हणजे एकाचा धातू तोय-रे-फे आणि दुसऱ्याचा ऐन-रे-फे, दोघांचा काही संबंध नाही. देवनागरीत दोन्ही त सारखे दिसतात आणि ऐन तर गायबच होतो, मग काय, कुणीही कुणाचाही बाप ठरतो.

आता ऐन-रे-फे बघा, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. या धातूचा अर्थ जाणणं, ओळखणं. त्यातून तअरीफ म्हणजे ओळख करून देणं, माहिती देणं, जाहीर करणं. आपल्याकडे तो आला तारीफ होऊन, आणि त वरचा तो काना आहे ना, तो त्या हरवलेल्या ऐनची खूण आहे, ऐन बोलता येईना म्हणून मागचा स्वर लांबवला. दरबारात एखाद्याची ओळख करून देताना चार चांगलेच शब्द बोलणार, म्हणून ओळखीची झाली स्तुती. पटत नसेल तर जुने हिंदी सिनेमे आठवा, पार्टीत नवखा माणूस भेटला की विचारतात, "आपकी तारीफ?" तिथे तो स्वतःचं कौतुक ऐकायला मागत नसतो, आपण कोण ते विचारत असतो. मूळ अर्थ तिथे अजून जिवंत आहे.

त्याच घरातला आपला मार्फत. मअरिफत म्हणजे ओळख, जाणीव. अमक्याच्या ओळखीने काम झालं ते अमक्यामार्फत झालं. (मराठी कारभाराचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या व्युत्पत्तीत सापडणार नाही.) त्याच घरातला उर्फ, म्हणजे ज्या नावाने लोक ओळखतात ते. तारीफ, मार्फत, उर्फ आणि टॅरिफ ही चार सख्खी भावंडं, तीन आपल्याकडे पायी आली आणि चौथं भूमध्य समुद्रात जहाजावर चढलं. तिकडच्या बंदरांत व्यापाऱ्यांना कुठल्या मालावर किती कर ते कळावं म्हणून दरांची यादी असायची, ती यादी म्हणजे तअरीफ, माहितीसाठी जाहीर केलेली. इटालियनमध्ये ती तारिफ्फा झाली, फ्रेंचमध्ये तारीफ, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत पोचली. एका भाषाप्रेमी गृहस्थांनी मला सुनावलं होतं की हे नुसतं ध्वनिसाम्य आहे, अशाने उद्या तुम्ही टॅक्सी आणि तक्षशिला एक कराल. अहो, ध्वनिसाम्य ते तरीफा गावाचं! इथे अर्थ, व्यापाराचा मार्ग आणि मधली प्रत्येक भाषा हजर आहे. ध्वनिसाम्य नको म्हणणाऱ्यांनी निदान ऐन आणि तोय तरी वेगळे ओळखावेत.

तर टॅरिफ म्हणजे मुळात कर नव्हे, कराची यादी. गंमत म्हणजे हा अर्थ आपल्याकडे लॉजवाल्यांनी जपलाय. महाबळेश्वरला रिसेप्शनच्या मागे ‘रूम टॅरिफ’ अशी पाटी असते, त्याखाली डबल बेड इतके, एक्स्ट्रा गादी इतके, चेकआऊट सकाळी दहा. वीज नियामक आयोग टॅरिफ ऑर्डर काढतो त्यातही घरगुती, शेती, उद्योग असे दरच असतात. चुकतात ते बातम्यावाले, ते यादीलाच कर म्हणतात.

या दरांसाठी आपल्याकडे एक अस्सल शब्द होता आणि तो कुणी वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. निरख. फारसी निर्ख, म्हणजे दर, भाव. बाजाराचा ठरवलेला भाव तो निरख आणि त्याचा कागद तो निरखनामा. ‘मेक्सिकन मालाच्या जकातीचा निरख’ असं लिहून बघा, एका फटक्यात काम होतं. निरखून बघणं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही हो, ते संस्कृत निरीक्षणातलं, नाहीतर आता कुणीतरी तेही जोडेल. दरपत्रक म्हणा हवं तर, पण दरपत्रक म्हटलं की मला सलूनची पाटी दिसते.

भाषाशुद्धीवाल्यांचा सीमाशुल्क हा शब्द वाईट नाही, सरकारी खात्याचं नावच ते आहे. पण शुल्क म्हणजे शुद्ध, सात्त्विक आणि जकात म्हणजे परकी, असा जो आव असतो तो मला झेपत नाही. जकात शब्द मुळात दानधर्मातला, शुद्धीच्याच कल्पनेतून आलेला, आणि आपण त्याला नाक्यावर ट्रक अडवायला उभा केला, २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर तो उभा होता. शुल्काचं म्हणाल तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला शुल्काध्यक्ष नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला बांधतो, झेंडा लावतो, आणि बाहेरून येणाऱ्या मालाला दर सांगतो: प्रवेश्यानां मूल्यपञ्चभागः. किमतीचा पाचवा भाग. म्हणजे २० टक्के. २६ जानेवारी २०१७ ला मेक्सिकोचे अध्यक्ष पेन्या निएतो यांनी भिंतीच्या वादावरून वॉशिंग्टनची भेट रद्द केली, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांचे प्रवक्ते शॉन स्पायसर यांनी भिंतीच्या खर्चासाठी मेक्सिकोच्या मालावर कर सुचवला, किती, तर २० टक्के! ओरड झाल्यावर हा अनेकांपैकी एक पर्याय आहे वगैरे सारवासारव केली, पण आकडा कौटिल्याचाच निघाला. यातून कुणी अमेरिकेने अर्थशास्त्र वाचलंय असा निष्कर्ष काढू नये.

आता त्या वाक्यातली खरी घाण. ‘मेक्सिकोवर टॅरिफ’. वर हे एवढंसं अव्यय, पण ते भार कुणावर आहे ते सांगतं. डोक्यावर कर्ज, गावावर दंड, तसं मेक्सिकोवर टॅरिफ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं मेक्सिको सरकार चेक फाडणार. तसं काही होत नाही. मेक्सिकोतून टोमॅटोचा किंवा अ‍ॅव्होकाडोचा ट्रक टेक्ससमध्ये आला की कर भरतो तो माल मागवणारा अमेरिकन आयातदार, भरतो तो अमेरिकन सरकारकडे, आणि मग जमेल तेवढा तुमच्या-आमच्या न्यू जर्सीतल्या भाच्याच्या भाजीच्या बिलात टाकतो. मेक्सिकोचा शेतकरी गिऱ्हाईक टिकवायला थोडा भाव पाडून देईल, म्हणजे काही भार तिकडेही सरकेल, पण पावती अमेरिकन नावावर फाटते. आणि ही वसुली करणारं खातं कुठलं, तर कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, तेच खातं सीमेवर पहारा देतं आणि तीच भिंत सांभाळतं. म्हणून ‘मेक्सिकोच्या मालावर’ लिहा. तीन अक्षरं जास्त लागतील, एवढी कंजुषी कशाला.

वसूल शब्दाचंही तसंच. अरबीत वुसूल म्हणजे पोचणं. पैसे आपल्यापर्यंत पोचले की वसूल झाले. मेक्सिकोकडून भिंतीसाठी काहीच पोचलं नाही, तेव्हा ‘वसूल करणार’ पर्यंत ठीक, त्यापुढचा भूतकाळ लावू नका.

खंडणीचं विचारलंय. आज खंडणी म्हटलं की गुंडाचा फोन आठवतो, पण खंडणे म्हणजे रक्कम ठरवणं, तोडून टाकणं, जमीन खंडाने देतात त्यातला खंड तोच. ठरलेली एकरकमी ती खंडणी. या अर्थाने एक योजना खरोखर खंडणीची होती, पण ती टॅरिफची नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये उमेदवार असताना ट्रम्प यांनी टिपण दिलं होतं की अमेरिकेतले मेक्सिकन लोक घरी पैसे पाठवतात ते अडवायची धमकी द्यायची, आणि ते अडवायचे नसतील तर मेक्सिकोने एकदाच ५०० ते १,००० कोटी डॉलर द्यावेत. याला खंडणी म्हणा, जुन्या अर्थाने म्हणा नाहीतर नव्या, दोन्ही बसतात. पाठवलेल्या पैशावर टक्केवारी कापायची म्हटली तर मात्र शब्द बदलतो, त्याला आमच्या पेठेत हुंडणावळ म्हणायचे, हुंडीवर द्यावा लागणारा बट्टा. ही कल्पना मेली नाही बरं का. जुलै २०२५ च्या कायद्यात भिंतीसाठी ४,६५० कोटी डॉलर आहेत, आणि त्याच कायद्यात परदेशी पाठवायच्या पैशावर १ टक्का कर आहे, आधी ५ टक्के म्हणत होते. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पुण्यातल्या औंधपर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर घबराट, आईबाबांना पाठवतो त्यावरही का? तो १ टक्का रोख, मनीऑर्डर असल्या मार्गाने पाठवलेल्या पैशाला आहे, बँक खात्यातून पाठवणाऱ्याला नाही.

भिंत आपण बांधायची आणि पैसे पलीकडच्याकडून काढायचे, हा हिशेब इतिहासात सहसा जमत नाही, आणि यात आपलाच एक पुरावा आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकर घेऊन बंगालमध्ये शिरला तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच पडलं मराठा डिच. खर्च कुणाचा? कलकत्तेकरांचा. सात मैल खणायचा होता, तीनेक मैल झाला, मराठे कलकत्त्याला काही आले नाहीत, काम थांबलं. आणि १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली ती वेगळीच, म्हणजे ज्यांना अडवायचं तेच पैसे घेऊन गेले. तिकडे आपल्या स्वारांना बर्गी म्हणतात, तो शब्द आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. बंगाल्यांनी दोघांनाही बर्गीच केलं, पळताना घोडा कुणाचा ते कोण विचारतो.

बाकीचे पर्याय चटकन सांगतो, शब्द आपल्याकडे तयारच आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रायन कोल्फेज या माजी सैनिकाने लोकवर्गणी काढली, अडीच कोटी डॉलरहून जास्त जमले, पैन् पै भिंतीला जाईल म्हणून सांगितलं आणि त्यातलेच पैसे खाल्ले म्हणून २०२३ मध्ये त्याला सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे अशा वर्गणीला काय म्हणतात ते गणेशमंडळाच्या माजी खजिनदारांना विचारा. त्याच हिवाळ्यात ५७० कोटी डॉलरच्या हट्टापायी सरकारी कामकाज ३५ दिवस बंद राहिलं, शेवटी संसदेने १३७.५ कोटी दिले. मग १५ फेब्रुवारी २०१९ ला आणीबाणी जाहीर करून लष्कराच्या बांधकामाचे ३६० कोटी तिकडे फिरवले. याला मराठी बातम्यांत ‘निधी उभारला’ असं आलं. उभारला कसला, वळवला! आपल्या नगरपालिका रोज करतात ते आपल्याला ओळखू येऊ नये?

आणि कुणीतरी भिंत की कुंपण असाही फाटा फोडेलच. उभे पोलादी गज आहेत, बऱ्याच ठिकाणी ३० फूट, मधून पलीकडचं दिसतं, म्हणून अमेरिकेत त्यावरही भांडण झालं. मराठीत भांडायला जागा नाही, भित्ति शब्द भिद् धातूचा, फोडणं, वेगळं करणं, गजांनी करा नाहीतर विटांनी.

जाता जाता, पलीकडच्या बाजूला मेक्सिकोच्या कस्टम्स कचेरीवर स्पॅनिशमध्ये पाटी असते, अदुआना. ती अरबी अद-दीवान वरून, म्हणजे आपला दिवाण, दिवाणखान्यातला. यावरही तोय-वाले येतील, त्यांना आधीच सांगतो की दीवानमध्ये तोय नाही. आणि जकात म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.