चर्चमधली तरुण मुलं मूल्यं विसरली आहेत का?

तुम्ही विचारलंय की मोबाईल आणि करिअरच्या नादात ख्रिस्ती तरुण मुलं चर्चपासून तुटत चालली आहेत, तर जुन्या लोकांची मूल्यं मंडळीत आता उरली आहेत का?

मी सोलापुरातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सहा वर्षांपासून खजिनदार आहे. उपदेश पाळकांनी करायचा, मी अर्पण मोजायचं. त्यामुळे माझं उत्तर पैशाच्या बाजूनेच येणार, चालवून घ्या.

आमच्याकडे उपासनेत गीत चालू असताना मखमली पिशव्या फिरतात. मूठ आत जाते, मोकळी होऊन बाहेर येते. कोणी पाचशे टाकले, कोणी दोनचं नाणं, कोणी नुसताच हात घातला, ते देवाला ठाऊक. नंतर आम्ही तिघं टेबलावर पिशव्या उलट्या करतो. काही नाण्यांना तंबाखूचा वास असतो. विड्या वळणाऱ्या बायकांचे पैसे ते, वासावरून कळतात. पण कुठल्या बाईचे, ते कळत नाही.

लॉकडाऊननंतर तरुणांनी हट्ट धरला, दाराशी स्कॅनर लावा. एक वडीलधारे उसळलेच, "देवाच्या घरातबी स्कॅनर? उद्या प्रभुभोजनाचं पार्सल मागवचाल की ओ!" माझी अडचण वेगळी होती. मत्तय 6:3 मध्ये प्रभू म्हणतो, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. पिशवीत ते जमत होतं. स्कॅनर आला की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नाव, रक्कम, तारीख सगळं उघडं. मीही विरोधातच बोलणार होतो.

पण मग हंगामाचा सण आठवला. लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या, शेंगाचटणीचे डबे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. आनंदाचा दिवस, मला फार आवडतो. एका वर्षी चारशेची कोंबडी पाच हजारांवर गेली, कारण बोली लावणारे दोघं कमिटीच्या निवडणुकीत समोरासमोर उभे होते. टाळ्यांवर टाळ्या. त्याच टेबलावर एका आजींनी वाटीत आणलेली चार अंडी होती. ती शेवटी कोणीतरी उरकायची म्हणून उरकली. गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठी, हा बायबलमधला उतारा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ, बरं का! मागच्या बाकांवरची पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढून हसत होती. आम्हाला राग आला, पवित्र गोष्टीची चेष्टा करतात म्हणून. खरं तर ती आमची चेष्टा करत होती.

लग्नाचंही तेच. गलतीकरांस पत्रात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेदच नाही, हे आम्ही मोठ्याने वाचतो. आणि स्थळ बघायला गेलो की चहाचा कप खाली ठेवून हळूच विचारतो, "पूर्वीचे कोण म्हणायचे तुम्ही?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात. माझ्या पुतणीने हे ऐकलं आणि पाहुण्यांसमोरच विचारलं, "काका, बाप्तिस्म्याचं पाणी किती पिढ्यांनी मुरतं?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

बाकी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, जायचं की नाही, सिनेमाची गाणी ऐकायची की नाही, हे वाद मला फुसके वाटतात. माझे वडील दर जानेवारीत मला खांद्यावर बसवून होम मैदानावर न्यायचे, पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वजवाले दाखवायचे, आणि रविवारी पहिल्या घंटेला चर्चमध्ये हजर असायचे.

तक्रारही काही मोबाईलनंतरची नाही. ज्यांची भजनं आम्ही पेटी-तबल्यावर गातो, त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना. संस्थेच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरत होता. ते तेव्हा पंचावन्नच्या पुढचे होते, तरुण नव्हते.

स्कॅनर शेवटी लागला. स्टेटमेंट फक्त मी बघतो, नावं वाचून दाखवायची नाहीत, एवढी अट मी घातली. त्यात दर रविवारी एक नाव येतं. रक्कम एकवीस रुपये, कधी एक्कावन्न. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आमच्या चर्चमध्ये दोन वर्षांत त्याचं पाऊल पडलेलं नाही. त्याचे वडील उपासनेनंतर माझ्याजवळ येऊन म्हणतात, "पोरगं देवाला विसरलं बघा." मी मान हलवतो आणि पिशव्या उलट्या करायला घेतो.