तिला घाबरवण्याचे काम माझ्याकडून होणार नाही

(सोलापूर जिल्ह्यातील एका वडिलांच्या पत्राचा सारांश : मुलीने वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, सरकारी जागा मिळाली नाही. तिसऱ्यांदा बसायला ती नकार देते. प्राणिशास्त्रात बीएस्सी करून हिवताप-डेंग्यूवर संशोधन करायचे म्हणते. 'आधी डॉक्टर हो, मग काय ते संशोधन कर, असे मी सांगतो. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. या लाइनीत पैसा नाही हे तुम्ही तिला कडक शब्दांत सांगा.')

स. न. वि. वि.

तिच्या गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती 'हल्ली ती घरात फारशी बोलत नाही' या वाक्याची. लातूरच्या क्लासची फी आपण सविस्तर लिहिलीत आणि हे मात्र जाता जाता. दोन वर्षे परीक्षेच्या ओझ्याखाली काढलेली मुलगी गप्प होते, तेव्हा तिसऱ्या प्रयत्नाचा विषय घरात बंद करायचा असतो. ती नीट झोपते का, जेवते का, मैत्रिणींना भेटते का, हे आधी बघा. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्यात कमीपणा नाही. आणि आपल्यासमोर उभे राहून ती 'नाही' म्हणाली, हे मला चांगले लक्षण वाटते.

'आधी एमबीबीएस, मग संशोधन' हा समज फार घरांत आहे आणि तो चुकीचा आहे. रोनाल्ड रॉस डॉक्टर होते, हे खरे. पण २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत त्यांना डासात हिवतापाचा परजीवी सापडला तो डासाचे पोट फाडून, सूक्ष्मदर्शकाखाली. हे कौशल्य आज कीटकशास्त्राचे विद्यार्थी शिकतात. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या, ना एमबीबीएस, ना पीएचडी. त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. डास कुठे अंडी घालतो, कोणत्या कीटकनाशकाला दाद देत नाही, परजीवी औषधाला कसा चकवतो, हे प्रश्न प्राणिशास्त्र, रसायन आणि संख्याशास्त्र जाणणारी माणसे सोडवतात. रुग्ण तपासायची ओढ नसताना केवळ संशोधनासाठी एमबीबीएसची साडेपाच वर्षे घालवणे मला पटत नाही.

हे काम आपल्यापासून दूरचेही नाही. १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली ती आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला. पुढे तीसेक वर्षे हा आजार देशात जवळजवळ दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला. मुलांना मेंदूज्वर करणाऱ्या चांदीपुरा विषाणूला नाव मिळाले ते नागपूरजवळच्या गावावरून. हिवतापावरची आर-२१ लस ऑक्सफर्डची, पण बनते पुण्यात.

पैशाबद्दल आपण विचारलेत ते रास्त आहे. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे. पीएचडीला पाच-सहा वर्षे धरा. त्यानंतर बरीच वर्षे प्रकल्पावरच्या, कंत्राटी जागांवर जातात आणि कायम नोकरी तिशीच्या मध्यावर मिळाली तरी लवकर म्हणायची. फेलोशिपचे पैसे रखडतात, हेही तिला माहीत हवे. लग्नाची घाई या काळात घरातून होणार असेल, तर ती होणार नाही असा शब्द आपण आजच द्या. या क्षेत्रातून हुशार मुली बाहेर पडतात त्या पगारापेक्षा या कारणाने, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मार्ग थोडक्यात : बीएस्सी, मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत किंवा पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रात एमएस्सी, पुढे नेट, म्हणजे जेआरएफसाठीची परीक्षा.

एक शंका मला तिच्याबद्दलही आहे. तिला डासांचे काम आवडते की फक्त नीट नको आहे? हे घरी बसून कळणार नाही. या पावसाळ्यात जिल्हा हिवताप कार्यालयात जाऊन विचारा. कर्मचारी घरोघरी हौद-रांजण तपासायला जातात, त्यांच्यासोबत आठवडाभर तिला फिरू द्या. अळ्या गोळा करायच्या, पाण्यात ॲबेट हे अळीनाशक टाकायचे, डबकी बघून गप्पी मासे सोडायचे, दारात उभ्या माणसाची बोलणी ऐकायची. त्यानंतरही ती हेच म्हणाली, तर अर्ज भरा, पण कॉलेज तिला निवडू द्या. आणि पुढचे पत्र तिने लिहावे. उत्तर मी तिलाच देईन.