२०% रॅप आणि वॉर्म मिक्स एकत्र घालताना: आधी ओलावा मोजा, मग तापमान ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड टनी पगमिलचा (खडी-डांबर मिसळणाऱ्या डब्याचा) बॅच प्लांट, ४० मिमी बीसी ग्रेड २ (बिटुमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा थर), त्यात मिलिंगचा माल म्हणजे रॅप (जुन्या रस्त्याचा खरवडलेला डांबरी थर) २०% आणि सोबत वॉर्म मिक्सचं (नेहमीपेक्षा कमी तापमानाला बनणाऱ्या डांबरी मिक्सचं) केमिकल. खडी किती तापवायची, डांबराची ग्रेड व्हीजी-३०च ठेवायची का, आणि वर प्लास्टिकही घालायचं का?

तापमान आधी घेऊ. रॅप थेट बर्नरच्या ज्वाळेत गेला तर त्यातलं डांबर जळतं, म्हणून बॅच प्लांटमध्ये तो थंडच पगमिलमध्ये पडतो आणि नव्या खडीच्या उष्णतेवर तापतो. नेहमीचं हॉट मिक्स १५५° सेल्सिअसला हवं असेल आणि रॅप ३०° ला, अगदी कोरडा असेल, तर खडी १५५ + (२० ÷ ८०) × (१५५ − ३०), म्हणजे साधारण १८६° ला लागते. पण रॅप कोरडा कधीच नसतो. २०% च्या हिशेबात रॅपमधलं दर १% पाणी उडवायला खडी आणखी सुमारे ७° तापवावी लागते. ४% ओलावा धरला तर आकडा २१४° वर जातो, प्लांटमधला उष्णतेचा ऱ्हास वेगळाच. इतक्या तापल्या खडीला नवं डांबर लागलं की करपतं, शिवाय ड्रायरमधून निघणाऱ्या गरम वायूने बॅगहाउसच्या (धूळ गाळणाऱ्या यंत्रणेच्या) पिशव्या धोक्यात येतात.

मिक्स १३०° ला काढायचं ठरवलं, तर हाच हिशेब ४% ओलाव्यासकट १८३° ला थांबतो. रॅप आणि वॉर्म मिक्स एकमेकांना धरून चालतात ते यामुळे. रॅपशिवाय नुसतं वॉर्म मिक्स करणाऱ्यांची अडचण उलटी असते: खडी जेमतेम १३५° ला, वायू थंड, पिशव्यांवर ओली धूळ बसून त्या चोंदतात. तुम्हाला तो त्रास कमी होईल.

आता पाणी, कारण खरी गोची तिथंच आहे. १५०० किलोच्या बॅचमध्ये ३०० किलो रॅप, त्यात ४% म्हणजे १२ किलो पाणी. ते काही सेकंदांत वाफ होतं, साधारण २० घनमीटर. पगमिलवरून बॅगहाउसकडे वाफ ओढणारं डक्ट नसेल तर ती वाफ खडीच्या वजनकाट्यापर्यंत चढते आणि वजनं नाचायला लागतात. म्हणून डक्ट आधी बसवा, आणि रॅप पडल्यावर डांबर सोडण्यापूर्वी ड्राय मिक्सिंगला १० ते १५ सेकंद जास्त द्या. वाफ निघून गेल्यावरच डांबर.

रॅपवर थेट ताडपत्री टाकू नका. खालून घाम सुटतो आणि ढीग वाळतच नाही. पत्र्याची शेड, उताराचं फरसबंद तळ, हेच खरं. ढिगावर लोडर चढवू नका, माल दाबून गोळे होतात. १० मिमीवर चाळून बारीक आणि जाड असे दोन ढीग करा. डांबर आणि धूळ मुख्यतः बारकात असते. न चाळता घातलात तर सकाळचं आणि दुपारचं मिक्स वेगळं निघेल. ओलावा रोज सकाळी मोजा, पाऊस झाला तर पुन्हा. वजनातून पाणी वजा करायला विसरलात तर रॅप आणि त्याचं डांबर दोन्ही कमी पडतात.

डांबराचा हिशेब उदाहरणाने सांगतो. एकूण ५.४%, रॅपमध्ये एक्स्ट्रॅक्शनला (डांबर वेगळं काढून मोजल्यावर) ४.४% निघालं. २०% रॅपमधून ०.८८% येतं, म्हणजे नवं ४.५२%, बॅचला ६७.८ किलो. हा कागदावरचा हिशेब, जुनं डांबर पूर्ण मिसळतं असं धरून. १३०° ला ते तितकं वितळत नाही, काही भाग दगडालाच चिकटून राहतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्याचा रस्ते विभागही रॅपमधलं सगळं डांबर जमेस धरत नाही. माझ्या मते तीन चतुर्थांशच धरा, म्हणजे नवं ०.२२% जास्त. मात्र त्या प्रमाणावर व्हॉइड्स (ठोकलेल्या मिक्समधल्या हवेच्या पोकळ्या) ३ ते ५% मध्ये बसतात का ते मार्शलला (लॅबमधल्या मिक्स डिझाइनच्या चाचणीला) तपासा. खर्च वाचवायला इथंच कात्री लावली की वर्षभरात खडी सुटायला लागते.

ग्रेडचं उत्तर रॅपमधलं डांबर रिकव्हर करून (वेगळं काढून) त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, पाहिल्याशिवाय देता येत नाही. समजा ६०° ला ती २०,००० पॉइज (व्हिस्कॉसिटीचं एकक) आली आणि मिश्र डांबर ३,००० वर हवं आहे. लॉगच्या ढोबळ हिशेबाने नवं डांबर २,१०० च्या आसपास, म्हणजे व्हीजी-३०पेक्षा मऊ अशा व्हीजी-२० मध्ये बसतं. पण अपुरं मिसळणं आणि कमी तापमानामुळे डांबराचं कमी म्हातारं होणं, दोन्ही मिक्सला सुरुवातीला मऊ ठेवतात. ट्रकची वर्दळ असेल, विशेषतः सिग्नलजवळ किंवा चढावर, तर मी २०% ला व्हीजी-३०च ठेवेन.

डिझाइनमधली एक नेहमीची चूक: लॅबमध्ये नमुने १५५° ला, प्लांट १३०° ला. नमुने प्लांटच्याच तापमानाला बनवा, ठोकण्याआधी सैल मिक्स कॉम्पॅक्शनच्या तापमानाला दोन तास ओव्हनमध्ये ठेवा. टीएसआर (पाण्यात ठेवलेल्या आणि कोरड्या नमुन्यांच्या ताणशक्तीचं गुणोत्तर) ८०% च्या खाली आला तर पुढे जाऊ नका. बेसाल्टला डांबर चांगलं धरतं, पण जाळीदार, भोकं असलेला खडक असेल तर आतलं पाणी कमी तापमानाला निघतच नाही. खडी वरून कोरडी दिसते आणि तासाभराने डंपरच्या तळाशी पाणी ठिबकतं. तसं दिसलं तर केमिकलचा डोस वाढवून भागणार नाही. ड्रायरमधून जाणाऱ्या मालाचा वेग कमी करा.

साइटवर वॉर्म मिक्स हाताला मऊ लागतं, त्यामुळे रोलरवाले दोन फेऱ्या वाचवतात. फेऱ्या ट्रायल पट्ट्यावर ठरवा आणि कोअरची (रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याची) घनता जीएमएमच्या (पोकळ्या नसलेल्या मिक्सच्या कमाल घनतेच्या) किमान ९२% येते का ते बघा. धूर दिसत नाही म्हणून माल थंड आहे असं समजून परत पाठवू नका, थर्मामीटर खुपसा.

प्लास्टिक या मिक्समध्ये नको. ड्राय पद्धतीत ते १६०-१७०° च्या कोरड्या खडीवर वितळून पातळ थर धरतं. इथं खडी तेवढी गरम असली तरी थंड, ओला रॅप पडताच तापमान घसरतं आणि मिक्स १३०° ला येतं. एचडीपीई या प्लास्टिकचा वितळबिंदूच त्याच्या आसपास आहे, त्यामुळे चुरा अर्धवट वितळून गोळे होतील. प्लास्टिकचं टेंडर असेल तर ते काम वेगळं, हॉट मिक्समध्ये, रॅपशिवाय करा.