साठीला आल्यावर मोठ्या भावाशी तुटलेलं नातं परत जोडता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचं वय 58, दादा 66 चे, वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला तेव्हापासून बोलणं बंद, पुतणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही, आणि आता दादांची अँजिओप्लास्टी झाल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तर जावं का, आणि गेलं तर "जमिनीसाठीच आली" असं त्यांना वाटेल का.

जा. आणि वाटलं तर वाटू दे, पहिल्यांदा तसं वाटणारच आहे.

माझं माहेर वाईकडचं. आबा गेले, सातबाऱ्यावर वारसनोंद लागली, आम्हा बहिणींची नावं चढली आणि कुणीतरी दादाच्या कानात सांगितलं की बहिणींकडून हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचं लिहून घे. धाकटीनं सही केली, मी केली नाही. भांडण असं झालंच नाही, कुणाचा आवाज चढला नाही, फक्त त्या वर्षी भाऊबीजेला "आम्ही बाहेरगावी असणारे" असा निरोप आला आणि पुढे पुढे तेवढा निरोपही यायचा बंद झाला. रंगपंचमीला बावधनच्या बगाडाच्या जत्रेला सगळे जमतात, तिथे समोरासमोर आलो तरी दादा गर्दीत भलतीकडे बघायचा. अशी बरीच वर्षं गेली.

मी गेले ती साध्या दिवशी गेले, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. भाऊबीज, राखी, कुणाचं लग्न, असल्या दिवशी पहिली भेट नको. त्या दिवशी अख्खं घर बघत असतं कोण कुणाशी काय बोललं, ओवाळणीत किती टाकले, आणि दोघांनाही मान तुकवल्यासारखं होतं. हळद काढणी चालू होती, अंगणात शिजवणं चाललेलं, बायका पोत्यावर बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होत्या. मी जाऊन त्यांच्यात बसले. दादा माझ्याशी बोलला नाही, नातवाला म्हणाला, "आजीला पाणी दे." आमच्याकडे अबोला असाच असतो, तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं. मीही नातवालाच विचारत होते, यंदा किती पोती होतील रे, पाऊस कमी पडला ना. मग बऱ्याच वेळानं दादानं एक शिजलेलं हळकुंड आणि काडी माझ्यासमोर धरली. काडी आरपार गेली की हळद शिजली, लहानपणी आबा ते काम मला द्यायचे. मी काडी घातली, म्हणाले, "झाली." तो म्हणाला, "मग उतरवू." त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं, जमिनीचं नाही, लग्नाच्या पत्रिकेचं नाही, कोण चुकलं ते तर नाहीच. चहा घेऊन मी संध्याकाळच्या एसटीनं परत.

आधी माफी कुणी मागायची हा तुमचा जो प्रश्न आहे ना, तो मला वाटतं बाजूला ठेवलेला बरा. ह्या वयात दोघांकडेही आपापली खरी बाजू असते आणि ती इतक्या वर्षांत हजार वेळा मनात बोलून पक्की झालेली असते, तुम्ही एक वाक्य काढलंत की समोरून दहा येणार. आधी येणं-जाणं सुरू होऊ दे. जुन्यातलं काही निघायचं असेल तर ते आपोआप निघतं. आमच्यात दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी निघालं, ते पण आईच्या श्राद्धाला भाजी निवडताना, आणि दादानं नाही, वहिनीनं काढलं.

वहिनींबद्दल थोडं जास्तच लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाहीये. आमची आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं हागणंमुतणं वहिनीनं काढलं, आम्ही मुली चार दिवस येऊन रडून जायचो. नंतर कायद्यानं हिस्सा मागायला आलो तर तिला काय वाटलं असेल? तिनं ते बोलून दाखवलं, मी ऐकून घेतलं, मधे "पण कायदा" असं म्हणाले नाही. हिस्सा माझा होताच, पण तिचं म्हणणंही खरं होतं आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या दिवसापासून घरात माझं ताट वाढायला कुणी वेगळं बोलवत नाही, सगळ्यांबरोबर बसते.

आता जमीन. ताई, कळकळीनं सांगते, नातं परत यावं म्हणून हक्कसोडवर सही करू नका. माझ्या मावसबहिणीनं भावनेच्या भरात केली आणि आता तीच माहेरी जात नाही, आत कुठेतरी सलतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधीच रीतसर वाटप झालेलं असेल तर ते मोडत नाही. दादांच्या बाजूनंही एक लक्षात घ्या, महाराष्ट्रात मुलींना हा हक्क 1994 मध्येच आला होता पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. आपल्या वयाच्या बहुतेकींची लग्नं त्याआधीची. त्यामुळे "लग्न झालेल्या बहिणीचं काही नसतं" हे भावांच्या डोक्यात बसलंय ते सगळंच लबाडीनं नाही, त्यांनी तेच ऐकलेलं होतं.

हा विषय जेवायच्या ताटावर आणूच नका. वकील असेल, गावातला दोघांना मान्य असलेला माणूस असेल, त्याच्याकडे द्या. तालुक्याच्या कोर्टात लोकअदालत भरते, दावा लावायच्या आधीही तिथे प्रकरण नेता येतं, फी लागत नाही आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, वर अपील नाही. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घेता येतं, आम्ही तेच केलं. माझा तुकडा माझ्या नावावर झाला, कसतो दादाच, वर्षाला हळद आणि तांदूळ येतात. पण हे सगळं येणं-जाणं सुरू होऊन बऱ्याच काळानं झालं, आधी नाही.

पहिल्यासारखं होईल का विचाराल तर नाही होत. काही विषय आमच्यात अजून बंद आहेत, माझ्या मुलांना मामाची सवय नाही ती नाहीच लागली. पण आबांचा पाटी नावाचा बैल, पुरात वाहून गेलेली मोट, आई चुलीपुढे कुठली ओवी म्हणायची, हे आठवणारं माणूस आता जगात दादा सोडून कुणी नाही, आणि तो रविवारी फोन करतो तेव्हा तासभर आम्ही तेच बोलत असतो.

तर असं करा, हॉस्पिटलमध्ये जाऊ नका, तिथे पाहुण्यांची रांग असते आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला रडणं झेपत नाही. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी जा. आदल्या दिवशी फोन दादांना नको, वहिनींना करा, पथ्य काय चाललंय विचारा आणि त्याप्रमाणे कमी तेला-मिठाचं काहीतरी करून न्या. मुलांना, जावयांना बरोबर घेऊ नका, एकट्याच जा. तासाभरात निघा, आणि निघताना "पुढच्या महिन्यात परत चक्कर टाकते" असं वहिनींना सांगून निघा, आणि खरंच टाका.